कच्च्या जागेचा निरोप

जालन्यात आमची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी आहे. खत-बियाण्यांच्या दुकानात बिलं करायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. आमची गिऱ्हाइकं जिल्हाभर पसरलेली आहेत आणि त्यांचे फोन घ्यायला मी बसते. कुणाचं बिल छापेना, कुणी पासवर्ड विसरलं, की माझा फोन वाजतो. दर महिन्याला सॉफ्टवेअरच्या सुरक्षेचा अपडेट निघतो. तो निघाल्याचा निरोप सगळ्यांना पाठवायचं कामही माझ्याकडेच.

पूर्वी त्यात डोकं लावावं लागत नसे. आमचा प्रोग्रामर इंग्रजीत चार परिच्छेद लिहून द्यायचा, मी ते व्हॉट्सॲपवर पुढे ढकलायची. कुणी वाचायचं नाही आणि वाचत नाही म्हणून कुणाची तक्रारही यायची नाही. सगळं छान चाललं होतं.

मग ऐन पेरणीच्या दिवसांत घनसावंगीच्या एका दुकानदार काकांनी तो निरोप वाचला. नुसता वाचला नाही, तर मोबाइलमधून त्याचं मराठी भाषांतर करून वाचला. सकाळी ऑफिस उघडतंय तोच त्यांचा फोन.

"ताई, म्या कॉम्प्युटर घरी आणलाय. गोणपाटात बांधून पलंगाखाली ठेवलाय. आता पुढं काय करायचं ते सांगा."

"पलंगाखाली कशाला काका?"

"तुम्हीच लिहिलंय ना, हल्लेखोर यंत्रणेचा ताबा घेऊ शकतात, तातडीनं कृती करा म्हणून. आमच्या दुकानाला मागून पत्र्याचंच दार हाये."

मी परोपरीनं समजावलं, की हे हल्लेखोर दारातून येत नाहीत. त्यानं ते आणखीच घाबरले. शेवटी म्हणाले, "तुम्ही इथं या. म्या वाट पाहून राह्यलो." आमच्या सरांनीही जा म्हटलं. कंपनी त्यांचीच, त्यामुळे गिऱ्हाइकाची काळजी त्यांना माझ्याहून जास्त. मी एसटीनं अंबडला गेले आणि तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून घनसावंगीला पोचले.

काकूंनी आधी पोहे खायला लावले. मग काकांनी पलंगाखालून गोणपाट ओढलं. आता कॉम्प्युटर परत दुकानात न्यायचा होता. काका मोटारसायकलवर पुढे, मी मागे आणि मांडीवर ते गाठोडं, अशी आमची वरात बाजारातून निघाली. शेजारच्या दुकानदारानं विचारलं, "दुरुस्तीला नेल्ता का?"

"न्हाई," काका गंभीरपणे म्हणाले, "लपवून ठेवला व्हता."

दुकानात वायरी जोडल्या, कॉम्प्युटर सुरू केला, अपडेटचं बटण दाबलं. समोरच्या टपरीवरून चहा येईपर्यंत काम झालंही. काका पडद्याकडे बघत राहिले.

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग चोर आल्ता का न्हाई?"

"आल्याचं दिसत नाही, काका."

"हे लिहायचं ना मंग," ते म्हणाले. रागावले होते, पण दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं होतं म्हणून आवाज चढवला नाही. सोयाबीनच्या बियाण्यासाठी आलेली माणसं बंद दार पाहून सकाळपासून परत जात होती. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं आमचा निरोप मनावर घेतला, त्याच्याच दुकानाला कुलूप लागलं.

परतीच्या एसटीत मी पुढच्या निरोपाचा नमुना मोबाइलवर लिहून काढला. 'आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एक कच्ची जागा सापडली. तिथून बाहेरचा माणूस तुमचे हिशेब पाहू शकला असता. तसं कुणी केलेलं नाही. आम्ही ती जागा बुजवली आहे. आज दुकान बंद करण्याआधी अपडेटचं बटण दाबा. चहा पिऊन होईपर्यंत काम होतं.'

पुढच्या महिन्यात खरोखरच एक कच्ची जागा निघाली, तेव्हा मी तो सरांपुढे ठेवला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कच्ची जागा सापडली, असं आपणच कशाला सांगायचं? काही सुधारणा केल्या आहेत, असं लिही."

"सर, सुधारणा म्हटलं की लोक उद्यावर टाकतात."

प्रोग्रामरनं वाकून वाचलं. मला वाटलं, तोही सरांची री ओढणार. पण त्याचा आक्षेप वेगळाच होता. "कुणी केलेलं नाही, हे आपल्याला कसं माहीत? केल्याचं आम्हाला दिसलेलं नाही, असं लिही. तेवढंच खरं आहे."

त्याचं बरोबर होतं. मी तसं केलं. सर टेबलावर पेन वाजवत म्हणाले, "पाठव. फोन आले तर तूच घे."

फोन आले. दिवसभर आले. "बाहेरचा माणूस म्हंजे कुठला, जालन्याचा का?" असं एकानं विचारलं. एकाला त्याच्या भाच्यावर संशय होता. जाफराबादचे एक दुकानदार मात्र थेट मुद्द्यावर आले. "म्हंजे इतके दिवस आमचं उघडंच व्हतं, अन् तुम्ही आता सांगून राह्यले?"

सर माझ्या टेबलाशी उभे होते. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "हो. आम्हालाही याच आठवड्यात कळलं. कळलं, बुजवलं आणि तुम्हाला सांगितलं."

आता सॉफ्टवेअर बंद करा म्हणतात की काय, अशी मला भीती वाटली.

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या टायमाला बी असंच जल्दी सांगत जा."

संध्याकाळपर्यंत माझा आवाज बसला. प्रोग्रामरनं मला त्याच्या पडद्याजवळ बोलावलं. एका दिवसात इतक्या दुकानांनी अपडेट केलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून निरोप लिहायचं काम आपोआप माझं झालं.

नंतर एक महिना असा आला, की अपडेटच नव्हता. मी निवांत होते. तर अंबडला दुकान चालवणाऱ्या एका मावशींचा फोन. "ताई, ह्या महिन्यात निरोप न्हाई आला. सगळं बराबर हाये ना?"

"या महिन्यात काही नव्हतं, मावशी."

"मंग काही न्हाई, असं तरी सांगायचं. आम्ही आपलं वाट पाहून राह्यलो."

मी लगेच सगळ्यांना पाठवलं, 'या महिन्यात काही नाही. बटण दाबू नका.' माझ्या कुठल्याच निरोपाला इतकी उत्तरं आली नव्हती. कुणी अंगठा, कुणी हात जोडलेले, कुणी कपाशीचा फोटो, एकानं तर मुलीच्या लग्नाची पत्रिका.

मध्यंतरी घरी गेले, तेव्हा हे सगळं पप्पांना सांगितलं. ते निवृत्त शिक्षक. म्हणाले, "मलाही पाठवत जा."

"पप्पा, तुमचं दुकान कुठंय?"

"वाचायला दुकान कशाला लागतं?"

आता दर महिन्याला सगळ्यांत आधी त्यांचंच उत्तर येतं. मागच्या वेळी आलं, 'मिळाला. दुसऱ्या ओळीतला स्वल्पविराम नको.' मी पाहिलं, तर खरंच नको होता.