तोडणी लांबवली तो हंगाम

नॉटिंगहॅमजवळच्या एका सफरचंदाच्या बागेत मी हंगामापुरती फळं तपासायला जायचे. त्या वर्षी बागमालकांची बायको हॉस्पिटलमध्ये होती. तिच्याजवळ राहता यावं म्हणून त्यांनी झाडांवर संजीवक फवारून तोडणी लांबवली. आमच्या नाशिककडे द्राक्षांना मारतात तसंच, पण हे फळं पिकू देत नाही, गळूही देत नाही. रंग मात्र चढत राहतो, म्हणून नुसतं बघून काही कळत नाही.

रोज सकाळी मी फळं आणायचे, यंत्रानं दाबून कडकपणा मोजायचे, मग आडवी कापून गरावर आयोडीन मारायचे. कच्च्या फळातला स्टार्च काळानिळा होतो. पिकलेला गर पांढरा राहतो.

मालकांचा मुलगा शेडच्या दारात उभा राहून म्हणायचा, "लालबुंद झालीत. थांबलोय कशाला?"

"आतून कच्ची आहेत अजून."

दुपारी वॉर्डातून मालकांचा फोन यायचा. "मी येऊ का?"

"नको. तुम्ही तिथेच थांबा."

मालकांची बायको गेली तेव्हाही फळं कच्चीच होती. इथे अंत्यविधीची तारीख लवकर मिळत नाही. तोवर ऊन तापलं आणि औषधाचा जोर ओसरला. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी फळं मधोमध पांढरी निघाली, कडकपणाही उतरला होता. आणखी थांबलो असतो तर ती कोल्ड स्टोअरमध्ये टिकली नसती. फोन करायला हात धजेना. शेवटी केला.

मालक म्हणाले, "उद्या सकाळी तोडायला सांग."

"उद्याच?"

"हो. आणि तू बागेतच थांब. चर्चला येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी तोडणाऱ्यांपैकी कुणी रेडिओ लावला नाही. दुपारी मालक काळ्या सुटातच शेडमध्ये आले. टेबलावरची एक फोड उचलून तोंडाकडे नेऊ लागले. मी त्यांचं मनगट धरलं.

"आयोडीन आहे त्यावर."

त्यांनी फोड खाली ठेवली, बोटं पँटला पुसली. "टिकतील ना?"

"टिकतील."

फळं टिकली. पुढच्या हंगामात मला बोलावणं आलं नाही, तेव्हा मीच फोन केला. मुलानं उचलला. म्हणाला, "झाडं काढून टाकली आम्ही. बाबा कॉव्हेंट्रीला त्यांच्या बहिणीकडे असतात. फोनवर बोलत नाहीत हल्ली."