दहा शिंपल्या आणि एक सोल

दिगूबरोबर शेवटचं जेवलो ते त्याच्या देवबागच्या घरी, ओटीवर. तिसऱ्यांचं सुकं संपलं, ताटात शिंपल्या उरल्या आणि दिगूने नेहमीप्रमाणे त्यांची फुटबॉल टीम मांडली. तीन मागे, चार मध्ये, तीन पार पुढे, समोरच्याच्या नाकावर. गोलकीपर म्हणजे मी. मला शिंपली नाही, ताटाच्या कडेला टाकलेलं कोकमाचं सोल! "तुजा तोंड तसलाच आंबट," हे तो वर्षानुवर्षं ऐकवायचा. त्यानंतर आठवड्याभरात सकाळी त्याच्या बायकोचा, सुमतीवहिनींचा फोन आला. होडीवरून आला, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत... दिगूला कधी कोणाची वाट बघणं जमलंच नाही.

आमचं मैदान म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये वाळूची पट्टी. नियम एकच, ज्याच्या पायाने बॉल पाण्यात जाईल त्यानेच पोहत जाऊन आणायचा. तरुणपणी गोव्यात बोटीवर नोकरी करून परतलेल्या दिगूने ह्या नियमातूनच आपलं शास्त्र काढलं. समोरच्याला त्याच्याच गोलजवळ गाठायचं, मान वर करायला फुरसत द्यायची नाही, म्हणजे तो घाबरून लाथ घालतो आणि बॉल जातो खाडीत. हल्ली टीव्हीवर ह्याला हाय प्रेस म्हणतात आणि तो समजावायला कोट घातलेली माणसं बसतात. आमच्याकडे त्याचं नाव होतं रापण. किनाऱ्यावर उभं राहून दोन्हीकडचे दोर ओढत मोठं जाळं आवळतात, ती रापण. दिगू "रापण!" म्हणून ओरडला की दहाही जणांनी धावायचं. "एक दोर ढिलो पडलो काय म्हावरा गेला," हे त्याचं ब्रह्मवाक्य.

दहाही जण पुढे गेले की मागे कोण? मी, वाळत घातलेली सुकट आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेलं कुत्रं. मी मुळातला जपून वागणारा. पुढे बँकेत कॅशियर झालो, कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारा. एकदा कणकवलीला मॅच होती. तिथलं मैदान ऐसपैस, पाणी कुठेच नाही. समोरच्यांनी आमच्या डोक्यावरून बॉल टाकून हाफटाइमपर्यंत दोन गोल केले. मी भडकलो. "दोन माणसां तरी मागे ठेव मरे!"

दिगूने शांतपणे पाणी पिऊन विचारलं, "मागे तू आसस मां?"

"आसय."

"मग आणखी दोघां कित्याक? तू फुडे ये."

आणि पठ्ठ्याने बचावातला एक काढून चौथा फॉरवर्ड घातला! मी शिव्या घालत पेनल्टी बॉक्सच्या बाहेर येऊन उभा राहिलो. पुढचा लांब बॉल आला तो मीच धावत जाऊन उडवला, त्यानंतरचाही. तीन-दोनने जिंकलो. अर्ध्या मैदानाएवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कोणी टाकलेला नाही, बँकेनेही नाही. फार आठवण येते त्याची...

खेळणं सुटल्यावर दिगू गावच्या पोरांना शिकवायचा. तेराव्यानंतर पोरांनी ती टीम माझ्या गळ्यात घातली. पहिलीच मॅच ह्या रविवारी, तीही मालवणात, कणकवलीसारख्याच ऐसपैस मैदानात. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, पाच जण मागे ठेवायचे. दिगूची हिंमत दिगूबरोबर गेली, आणि सपाटून हरलो तर नाव त्याचं जाणार.

परवा वहिनींनी जेवायला बोलावलं. इतक्या आठवड्यांनी त्या घरात पुन्हा तिसऱ्या शिजल्या होत्या. ताटातल्या तिसऱ्या संपल्या आणि हात आपोआप शिंपल्या मांडू लागला. पाच मागे. सोल त्यांच्याही मागे, ताटाच्या अगदी कडेला. भात वाढायला आलेल्या वहिनी थांबल्या.

"ही खंयची टीम, भावजी?"

त्यांनी भाताचं पातेलं खाली ठेवलं, मागच्या दोन शिंपल्या उचलून पुढे नेऊन ठेवल्या. मग बोटाने ते सोल सरकवलं. मी म्हटलं, "वहिनी, मागे कोण रवतलो?"

"तुमी आसास मां?" त्या म्हणाल्या, आणि सोल आणखी थोडं पुढे सारलं.