वाऱ्याच्या बाजूला

बीडहून पालीच्या शाळेत शिकवायला जाता-येता एक फेरीवाले मला हायवेवर भेटत. मोटारसायकलवर मागे प्लास्टिकच्या घागरी, बादल्या, टोपल्या यांचा डोक्याच्याही वर गेलेला ढीग. नाव मी कधी विचारलं नाही. मी मामा म्हणायची, ते बाई म्हणायचे.

मामा वाऱ्याशी भांडत. ट्रक शेजारून गेला की त्याचा झोत ढिगाला आधी बाहेर ढकलायचा, मग आत ओढायचा. मामा ओरडत, "दमानं रं, कामून अंगावर येतो?" चहाच्या टपरीवर मात्र त्याच वाऱ्याची बाजू घेत. "त्याचा काय दोष न्हाई, बाई. आमीच एवढं सामान घेऊन त्याच्या वाटंत येतो."

एकदा शाळेतून परतताना पालीच्या धरणाकडून आडवं वारं सुटलं. माझी स्कूटी सारखी कडेच्या खडीकडे सरकू लागली. हात आखडले, थांबायचीही भीती वाटू लागली, पाय टेकवायचं धाडस होईना. तेवढ्यात मामा मागून आले आणि माझ्या उजव्या हाताला, वाऱ्याच्या बाजूला, गाडी आणून हळूहळू चालवू लागले.

"हँडल लई आवळू नका, बाई. सैल धरा. वाऱ्याचं मी बगतो."

त्यांच्या घागरी खडखडत होत्या, ढीग माझ्याकडे झुकत होता. माझी ओढणी मात्र शांत पडली होती.

बीडची घरं लागली, आडोसा मिळाला, तसे मामा मागे वळले. त्यांच्या गावचा फाटा कधीच मागे राहिला होता. परतताना त्यांच्या वाऱ्याच्या बाजूला कुणीच नव्हतं.