पाठीशी उभे राहणाऱ्यांची रांग

तमाम पेणकर व रोहेकर जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, स्त्रियांच्या हक्कांसाठी झुंजणाऱ्या एका वीरास, भर दुपारी डाळ-भात चापून पेंढ्यावर आडवे होताच, दृष्टान्त झाला. वीर म्हणजे मी. पेंढा पेणमधला, माझ्या मामांच्या गणपतीच्या कारखान्यातला.

माझ्या वीरत्वाला पुरावा आहे. रोह्याला मी ज्या कंपनीत शिफ्टला जायचो, तिथे महिला दिनाला मी भाषण ठोकलं होतं. मी माझ्या पत्नीच्या पाठीशी खंबीरपणे उभा आहे, हे वाक्य मूठ आवळून म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. कंपनीत बायका दोनच. त्यांना टाळ्या वाजवता आल्या नाहीत, कारण त्या आमच्यासाठी चहा ओतत होत्या.

हा पराक्रम मी पेणच्या रामवाडीला घरी येऊन सांगितला, तिथे फसलो. आमची ही मामांच्या कारखान्यात दहा वर्षं कामाला होती. मूर्तीला पॉलिश पेपर मारायचा, अंगाचा रंग द्यायचा, पीतांबराचे काठ काढायचे, हे बायकांनी. डोळ्यांची आखणी मात्र पुरुषांनी. आखणी करतो तो कारागीर, बाकीचे नुसते कामाला. हिला आखणी करायची होती. चपलांच्या खोक्यांवर डोळे काढून काढून तिने हात बसवला होता. पण मामा म्हणजे तिचे मामेसासरे. सुनेने त्यांच्याकडे स्वतः काही मागायचं, अशी आमच्यात रीत नव्हती. मग मागायचं कोणी? जो खंबीरपणे उभा आहे त्याने.

तर एका रविवारी मी मामांकडे विषय काढला. म्हणजे काढायला घेतला. मामा म्हणाले, आखणीला हात स्थिर लागतो, ते बायकांचं काम नाय. हे सांगताना त्यांच्या हातातली बशी थरथरत होती आणि चहा धोतरावर सांडत होता. मी ते नीट पाहिलं आणि म्हणालो की खरंय, यंदा हवाच दमट, रंग लवकर सुकत नसतील. मामा म्हणाले, व्हय. पलीकडे ही मूर्तीला पॉलिश पेपर मारत होती, तिने तो इतक्या जोरात घासला की एका गणपतीचा कान बारीक झाला. मग मी जेवलो आणि झोपलो.

स्वप्नात कारखान्याच्या अंगणात सभा भरली होती. समोर पाटांवर शे-दीडशे गणपती, सगळे डोळ्यांवाचून. ही हातात ब्रश घेऊन त्यांच्यापुढे उभी. तिच्या पाठीशी मी. माझ्या पाठीशी माझा साडू, त्याच्या पाठीशी गुलाबाचं फूल घेतलेले आमचे साहेब, मग अख्खी कंपनी. रांग रामवाडीतून निघून हायवेने थेट वडखळ नाक्यापर्यंत गेलेली. अलिबागच्या एसट्या अडकल्या होत्या आणि कंडक्टर उतरून रांगेत लागत होते. सगळे एका सुरात म्हणत होते, आम्ही पाठीशी आहोत.

मधल्या सगळ्यात मोठ्या गणपतीने सोंड हलवली. "पाठीशी आहात ते ऐकलं रे. मला दिसत नाय, म्हणून विचारतो. पुढं कोण हाय?"

पुढे ही एकटी. मला पुढे व्हायचं होतं, अगदी मनापासून. पण पाय घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये बसलेले, आणि साडू मागून शर्ट ओढून सांगत होता की आपण पाठीशीच बरे. मी सगळा जीव एकवटून ओरडलो.

ते ओरडणं स्वप्नात राहिलं नाही. जागा झालो तेव्हा कारखान्यातले सगळे हात थांबले होते आणि मामा माझ्यासमोर उभे होते.

"'मामा, तुमचा हात कापतो, हिला द्या ब्रश', असं आत्ता कोण बोललं?" मामांनी विचारलं.

मी उठून बसलो. केसांतला पेंढा काढला. आणि सांगायला लाज वाटते, पण म्हणालो की स्वप्न पडलं मामा, डाळ जरा जड गेली.

तेव्हा ही उठली. पदराला हात पुसत मामांच्या पुढ्यात आली.

"ते झोपेत बोलले, मामा. मी जागेपणी सांगते. मला आखणी करायचीय. एक मूर्ती द्या. बिघडली तर पुन्हा मागणार नाय."

सुनेला नाही म्हणायचं तर आधी तिच्याशी बोलायला हवं, आणि त्याची मामांना सवय नव्हती. शेवटी त्यांनी कोपऱ्यातली वीतभर मूर्ती तिच्यापुढे सरकवली. बाकीच्या बायका हातातलं काम टाकून गोळा झाल्या. हिने श्वास रोखला. मीही रोखला, तेवढं मला जमतं. आधी पापणीची काळी रेघ, मग भुवई, मग बुबुळ, आणि अगदी शेवटी बुबुळात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका.

मामांनी चष्मा पुसला. मूर्ती फळीवर ठेवून चार पावलं मागे गेले. डावीकडे सरकले. उजवीकडे सरकले. चूक सापडेना म्हणून खाली वाकूनही पाहिलं. आणि मग सगळ्या कारखान्यादेखत त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अगो, हा माझ्याकडंच बघतोय गो."