पिवळ्या रेषा न मारलेली विहीर

जूचंद्रला आत्याच्या घरी मोजमाप घ्यायला गेले, तेव्हा काका हॉलमधल्या दिवाणावर पडून होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना जिना चढता येत नाही, आणि घरातली झोपायची खोली नि बाथरूम दोन्ही वर. खाली एक खोली काढायची, बाथरूमसकट, एवढंच काम. मी माणिकपूरला एका आर्किटेक्टकडे नोकरी करते, म्हणून नकाशा माझ्याकडे आला.

टेप धरायला आत्याच आली. घराच्या एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला कुंपणाच्या भिंतीपर्यंत एक अरुंद पट्टा. खोली त्या पट्ट्यात बसत होती, पण बसवली की भिंतीपासून नियमाने सोडायची जागा पुरी सुटत नव्हती. म्हणजे महापालिकेकडे सवलत मागायची आणि ती का हवी याचं कारण द्यायचं. मी आहे तसं सगळं काढलं.

ऑफिसमध्ये सरांनी उभ्या उभ्या माझ्या स्क्रीनकडे पाहिलं.

"विहीर कशाला दाखवलीस?"

"आहे म्हणून."

"अगं, पिवळी कर ती. खोली तिकडे घे, मार्जिन पूर्ण सुटतं. सवलतीची भानगडच नको. पास झालं की साइटवर बांधा हवी तिथे. कोण बघायला येतंय?"

नकाशात जे पाडायचं किंवा बुजवायचं असतं, त्यावर पिवळ्या तिरप्या रेषा मारतात. अगदी किरकोळ काम. मी माउसवर हात ठेवून बसून राहिले. मोठ्या माणसाला उलट बोलायचं तर मला वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. तोवर समोरचा सहसा निघून जातो. त्या दिवशी सर गेले नाहीत.

"पिवळी नाही करणार," मी म्हटलं.

"कागदावरच तर आहे!"

हे मी नोकरी लागल्यापासून ऐकतेय. मी दिवसभर जे करते ते कागदावरच असतं. आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी नव्या इमारतींसाठी टँकर उभे असतात, आणि तिच्या विहिरीवर आजूबाजूच्या घरांचं पाणी चालतं. उद्या कोणी तिच्यात भराव टाकला, तर ती बुजवायचीच होती हे सांगायला आमचाच मंजूर नकाशा पुढे येईल. पट्ट्यातली खोली बेकायदा ठरेल ती वेगळीच. "नाहीतर दुसऱ्या कोणाला द्या, सर," एवढंच म्हटलं.

सर हसले. "कॉन्व्हेंटच्या पोरी दिसतात तेवढ्या गरीब नसतात. बरं. साहेबांसमोर तूच उभी राहा मग. मी येणार नाही."

उभी राहिले. महापालिकेतल्या इंजिनिअर साहेबांनी पेन्सिलचं टोक विहिरीवर टेकवलं.

"ही बुजवली की प्रश्न मिटला."

"बुजवणार नाही."

"मग भिंतीकडे जागा कमी पडते."

"हो. कमीच पडते. तसंच दाखवलंय."

त्यांनी मान वर केली. "कमी पडते असं स्वतःहून कोण काढून आणतं?"

"म्हणून तर सवलत मागतोय, सर."

फाइल शेरा घेऊन परत आली: विहीर बुजवण्याबाबत विचार करून सुधारित नकाशा सादर करावा. सरांनी ती माझ्या टेबलावर ठेवली, जरा जोरातच.

हट्ट माझा, आणि दिवाणावर काका. हे मला टोचत होतं. म्हणून जूचंद्रला जाऊन दोघांना शेरा वाचून दाखवला. पुन्हा तसाच नकाशा पाठवला तर अजून वेळ जाईल, कदाचित नाहीच म्हणतील, हेही सांगितलं.

"बुजवा म्हणतात?" आत्या भडकली. "त्यांच्या नळाला रोज पानी येत असेल!"

"काका, तुम्ही सांगा," मी म्हटलं. "खोली तुमची आहे."

काकांचं बोलणं आता सावकाश येतं. आम्ही थांबलो.

"मी इथंच बरा," ते म्हणाले. "टीव्ही इथंच आहे."

"बघ! आणि पाहुणे आले की चादर ओढून झोपेचं सोंग घेतात," आत्या म्हणाली. "पाठव गं तू. होता तसाच पाठव."

नकाशातली एकही रेषा मी हलवली नाही. शेऱ्याचं उत्तर स्वतः मराठीत लिहिलं: विहीर वापरात आहे, ती बुजवली जाणार नाही, अर्जदारांची मागणी आधीचीच आहे. सरांनी सहीसाठी पेन उचललं आणि थांबले.

"जरा नम्रपणे लिही. 'कृपया' वगैरे घाल कुठेतरी."

मी एक 'कृपया' घातलं. बाकी एक शब्द बदलला नाही. सरांनी सही केली. फाइल आता महापालिकेत आहे, विहिरीसकट.