बाबांच्या बोटीतला डायोड

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते आणि शिकलेलं घरी ऐकवायची मला भारी हौस होती. घर कोळीवाड्यात, समोर खाडी. बाबांच्या बोटीवर जीपीएसचा सेट होता. बोटीची बॅटरी चार्जिंगला बाजारात जायची आणि परत आली की धाकटे काका ती जोडायचे. एकदा घाईत त्यांनी तारा उलट जोडल्या आणि सेट जळाला.

नारळी पौर्णिमेनंतर बाबांनी नवा घेतला. हाही गेला असता तर तिसरा घ्यायची आमची ऐपत नव्हती. मी दुकानातून एक डायोड आणला, शेंगदाण्याएवढा, काळा, एका टोकाला रुपेरी पट्टा. बॅटरीकडून येणाऱ्या तारेत तो सोल्डर केला आणि जाहीर करून टाकलं, आता उलटी जोडली तरी सेट जळणार नाही.

काका हसले. "तारेतून करंट दोनी बाजूंनी जातो. ह्यो इवलासा मनी काय अडवनार त्याला?"

मला तेवढंच हवं होतं. मी सुरू झाले. आत सिलिकॉन असतं. शुद्ध सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंना धरून बसलेले, त्यामुळे वीज त्यातून जेमतेम जाते. पण त्यात दुसऱ्या मूलद्रव्याची किंचित भेसळ केली की मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात. वेगळी भेसळ केली तर उलट इलेक्ट्रॉनच्या जागा रिकाम्या राहतात. डायोडमध्ये असे दोन भाग एकमेकांना चिकटलेले असतात. बॅटरी सुलट जोडली की इलेक्ट्रॉन आणि रिकाम्या जागा मधल्या सीमेकडे ढकलल्या जातात आणि वीज वाहते. उलट जोडली की दोन्ही सीमेपासून मागे ओढल्या जातात, मधे वीज वाहून न्यायला कुणी उरत नाही.

"म्हंजे बांधाची उघाडी," बाबा म्हणाले. खारजमिनीच्या बांधाला ती असते. ओहोटीला पाणी बाहेर सोडते, भरतीला आपोआप मिटते.

"तसंच," मी म्हटलं, "फक्त ह्याला दार नाही, बाबा."

"बोलायला काय जातंय," काका म्हणाले. "जोडून दाखव उलटी."

कॉलेजात मी हे दिव्यावर करून पाहिलं होतं. दिवा वेगळा आणि बाबांचा कोरा सेट वेगळा. राहू दे म्हणणार, तोच बाबांनी बॅटरी पुढे ओढली. "पोरीनं सांगितलंय ना, नाय जलनार. मंग नाय जलनार." आणि त्यांनी तारा उलट जोडल्या.

पडदा काळाच राहिला. काका सेटला नाक लावून जळका वास शोधत होते. बाबांनी तारा काढून सुलट लावल्या, पडदा उजळला आणि त्यावर आमची खाडी उमटली. मला अभिमान वाटला, माझ्या विद्येचा, आणि त्याहून जास्त बाबांचा.

बाबांनी तारा पुन्हा सोडवल्या आणि काकांच्या हातात दिल्या.

"आता तू जोड," ते म्हणाले. "कशीबी."