पाटीवरचं कुंकू

दत्ताराम गेल्याची बातमी खाडीपलीकडच्या भाट्याच्या तरीवाल्यानं आणली. मी एका चौकटीला रंधा मारत होतो. "तुमचा दत्ताराम गेला वो सकाळी," तो म्हणाला, आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? आता गिऱ्हाइकं मलाच शोधत येतील... लिहायला लाज वाटते. पण दीड महिना झाला, आणि त्याच्याविषयी लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

दत्ताराम माझा मावसभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दोघंही एकाच मामाच्या हाताखाली सुतारकाम शिकलो. माझा सांधा त्याच्यापेक्षा सरस बसतो, असं मामाच म्हणायचा. पुढे तो बोटीवर सुतार म्हणून लागला आणि मी रत्नागिरीत कारखाना टाकला. तो दोन-तीन वर्षांनी यायचा, आणि आला की आमच्याकडे दुसरा विषय नसायचा. त्याच्या गोष्टी ऐकताना माझी बायको चुलीवरची आमटी विसरायची. मी त्याच्यावर जळायचो. याला दुसरा शब्द नाही.

कायमचा परतला तेव्हा त्यानं अमेरिकेत घेतलेलं विजेचं ड्रिल आणलं. आम्ही सामत्याची दोरी ओढून ओढून भोकं पाडणार, आणि हा नुसता खटका दाबणार! शहरात वीज नुकतीच आली होती, माझ्या कारखान्यात एक दिवा लागला होता. तो राहायचा त्या भाट्याला तारा पोचल्या नव्हत्या, म्हणून मशीन त्यानं माझ्याकडेच ठेवलं. "दादा, दसऱ्याला पयलं भोक तुज्याच लाकडात पाडू," म्हणाला.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं मांडून पुजतो. त्या दिवशी त्यांना काम नाही. पूजा कारखान्याच्या मालकाची, म्हणजे माझी. करवत, पटाशी, रंधा, एकेकाला ओलं कुंकू लावत मी त्या ड्रिलपाशी आलो. त्याच्या अंगावर पितळेची छोटी पाटी होती. इंग्रजी आकडे मला वाचता येत. एकशेदहा व्होल्ट. माझ्या डोक्यावरच्या दिव्यावर दोनशेवीस लिहिलेलं होतं आणि दिवा बसवताना वायरमननं बजावलं होतं, आकडा जुळला नाही तर वस्तू जळते. दत्ताराम शेजारीच हात जोडून उभा होता. एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं... मी अंगठाभर कुंकू त्या आकड्यावर थापलं.

दसऱ्याला आळीतली माणसं जमली. दत्तारामनं खटका दाबला, ड्रिल किंचाळत फिरलं, आणि मग जळका वास आला, धूर आला. कुणीतरी फिसकन हसलं. दत्तारामनं धोतराच्या सोग्यानं पाटी पुसली, आकडा वाचला, वर दिव्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "बोटीवर एकशेदाच व्हता," तो जमलेल्या माणसांना म्हणाला, "माज्या ध्यानातच रावला नाय. चुकी माजी."

चार महिने खपून त्यानं आतली तार नव्यानं गुंडाळली. एका फळीवर मोठे दिवे बसवले आणि वीज आधी त्यांतून फिरवून ड्रिलला दिली, म्हणजे निम्मा जोर दिव्यांतच खर्ची पडावा. ड्रिल जरा दाबलं की दिवे लखलखायचे आणि ड्रिल सुस्तावायचं, तेव्हा हात हलका ठेवावा लागे. तो हलका हात त्याला साधला. मी शिकायलाच नकार दिला. होड्यांच्या फळ्या घेऊन माणसं माझ्याच दारात उभी राहायची आणि मलाच विचारायची, "दत्ताराम हाय काय?" मी आत बोट दाखवायचो आणि सामता आणखी जोरात ओढायचो. दर खंडेनवमीला तो ड्रिल माझ्यापुढे ठेवायचा, मी कुंकू लावायचो. त्यानं कधी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

तेरावं झाल्यावर मी तरीतून खाडी ओलांडली आणि त्याच्या बायकोला, सुलोचनेला, सगळं सांगून टाकलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठावं हाय मना, भावोजी. त्याच दिवशी सांगितलानी. वर म्हणाले, कोणाजवळ बोलू नको, दादाच्या हातावर लोकांचा इश्वास हाय." मशीनचं काय करायचं, मी विचारलं. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे," म्हणाली.

परत येताना तरीत मला रडू यायला हवं होतं. मला रागच आला. मोठ्या मनाच्या बाबतीतही यानंच माझ्यापुढे जावं! इतकी वर्षं मला उघडं पाडायची दोरी याच्या हातात होती आणि यानं ती कधी ओढली नाही. आता भांडायला जावं तर तोही नाही...

काल दुपारी कारखान्यात एकटाच होतो. दिव्यांची फळी जोडली, सागाचा एक तुकडा शेगड्यात आवळून धरला आणि पहिल्यांदाच ते ड्रिल चालवलं. हात हलका ठेवला. दिवे मंदच राहिले. भोक आरपार गेलं, सरळ, कडेला एक कुसळ नाही. त्याच्याइतकं चांगलं. तुकडा हातात घेऊन मी घाईनं मागे वळलो... आणि तसाच उभा राहिलो. आता हे दाखवून जळवायचं कुणाला?